पहिला सॅक्सोफोन घेताना: काय बघायचं, कुठे दाबायचं, कधी परत फिरायचं

सॅक्सोफोन शिकायला लागलं की पहिले दोन-तीन महिने एकच प्रश्न छळतो: आवाज फाटतोय तो माझ्यामुळे की वाद्यामुळे? जाणकाराला एका फुंकेत उत्तर मिळतं. नवख्याला मिळत नाही. तो स्वतःलाच दोष देत राहतो, ओठ आवळतो, जोर लावतो, आणि त्या जोराची सवय लागली की पुढे चांगलं वाद्य हातात येऊनही ती जात नाही. म्हणून पहिल्या खरेदीत नाव, चकाकी, नक्षी हे सगळं दुय्यम. घरी असं वाद्य यायला हवं की स्वर चुकला तर चूक आपलीच, हे छातीठोकपणे म्हणता यावं.

त्यासाठी वाद्याची एक गोष्ट आधी समजून घ्या. बेल्जियन कारागीर अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ साली फ्रान्समध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य पितळेचं असलं तरी त्याचं नातं क्लॅरिनेटशी, कारण आवाज तोंडाशी बसवलेल्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून निघतो. खाली रुंद होत जाणारी नळी, तिला वीसहून अधिक भोकं, आणि प्रत्येक भोकावर चामड्याचं पॅड. बासरीत बोटाचं मांस भोक बुजवतं, इथे ते काम पॅड करतं. सर्वांत खालचा स्वर निघायचा तर सगळी पॅड एकाच वेळी घट्ट बसावी लागतात. वरचं एखादं पॅड केसभर उघडं राहिलं तरी त्याच्या खालचे सगळे स्वर बिघडतात. नवख्याच्या दहापैकी आठ तक्रारींचं मूळ इथे असतं.

पायरी १ : कोणता?

बाजारात चार प्रकार दिसतात: सोप्रानो, ऑल्टो, टेनर, बॅरिटोन. बोटांची रचना चौघांची सारखीच. एक आला की दुसरा हातात धरता येतो.

शंका असेल तर ऑल्टो घ्या. वजन सुमारे अडीच किलो, फुंकेची गरज मध्यम, हातांची पकड साधी, आणि जुन्या बाजारात सर्वांत जास्त मिळतोही तोच. कद्री गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीतातली गमकं (स्वरांचे हेलकावे) याच ऑल्टोवर वाजवून दाखवली, तेव्हा ‘आपल्या संगीताला हा चालेल का’ ही शंका मनातून काढून टाका.

टेनर साडेतीन किलोच्या आसपास. आवाज भरदार, पुरुषी. उंची बरी असेल, मान-पाठीची तक्रार नसेल आणि मनात तोच आवाज घुमत असेल तर सुरुवात टेनरवर करायला हरकत नाही. ज्याचा आवाज आवडतो त्यावर रियाज जास्त होतो, हा मुद्दा लहान नाही.

सोप्रानो सरळ, सनईसारखा, हलका, आणि म्हणूनच नवख्याला फसवतो. नळी लहान असल्याने ओठांच्या जराशा चुकीनेही स्वर सरकतो. कान आणि ओठ तयार होईपर्यंत तो बेसूरच वाजणार. बॅरिटोन पाच-सहा किलोंचा. पहिलं वाद्य म्हणून नकोच.

मुलांच्या बाबतीत वयापेक्षा हात बघा. पट्टा गळ्यात घालून ऑल्टो धरल्यावर उजव्या हाताची करंगळी तळाच्या दोन कळांपर्यंत मनगट न वाकवता पोचते का? बहुतेकांची दहा-अकराव्या वर्षी पोचते. पोचत नसेल तर वर्षभर थांबा, तोवर रेकॉर्डर (उभी धरायची बासरी) वाजवू द्या. बोटं बरीचशी जुळतात.

पायरी २ : पट्टीचं गणित

हे दुकानदार सहसा सांगत नाही, आणि पेटीवाल्या मित्रासोबत बसल्यावर पहिल्याच दिवशी घोळ होतो. सॅक्सोफोनच्या पुस्तकात ज्याला ‘सी’ म्हणतात तो पेटीवरची पांढरी एक, म्हणजे पहिली पांढरी पट्टी, नसतो. ऑल्टोचा ‘सी’ म्हणजे पेटीची काळी दोन. टेनरचा ‘सी’ म्हणजे काळी पाच. सोप्रानो टेनरसारखा, बॅरिटोन ऑल्टोसारखा.

आपल्याकडे याचा फायदाच होतो. गायिका काळी पाचमध्ये गात असेल तर ऑल्टोवर ‘जी’ सप्तक लागतं, टेनरवर थेट ‘सी’. काळी चारला ऑल्टोवर ‘एफ’, टेनरवर ‘बी फ्लॅट’. गायक काळी एकमध्ये असेल तर ऑल्टोवर ‘बी फ्लॅट’, टेनरवर ‘ई फ्लॅट’. ही सगळी बोटांना सोपी सप्तकं. भजनी मंडळ किंवा सुगम संगीताच्या साथीला बसायचं असेल तर काळ्या पट्ट्या तुमच्या मित्र.

गिटारवाल्यांचं उलटं. त्यांची लाडकी ‘ई’, म्हणजे पांढरी तीन, ऑल्टोवर ‘डी फ्लॅट’ होते, पाच कोमल स्वरांची. टेनरवर तर ‘एफ शार्प’. पहिल्या वर्षात त्यात कोणी सुखाने वाजवत नाही. मित्राला कॅपो (गिटारच्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावायला सांगा.

एक सावधगिरी. जुन्या सामानात कधी कधी ‘सी मेलडी’ नावाचा, ऑल्टो-टेनरच्या मधल्या आकाराचा सॅक्सोफोन निघतो. तो पांढरी एकचाच असल्याने पेटीबरोबर जुळवाजुळव लागत नाही, असं म्हणून विकला जातो. गोष्ट खरी आहे, पण त्याचं उत्पादन मुख्यतः १९२०च्या दशकातलं. त्याचे माउथपीस (फुंकायचं तोंड), रीड आणि सुटे भाग शोधताना दमछाक होते.

पायरी ३ : नवा की जुना

यामाहाचा वायएएस-२८० हा विद्यार्थी वर्गातला ऑल्टो मोजपट्टी म्हणून वापरा. नव्याची किंमत लाखाच्या घरात जाते, म्हणून पोटात गोळा येतो. पण तो स्वरात असतो, कळा सहजी वाकत नाहीत, आणि नको झाला तर विकला जातो. तैवानच्या ज्युपिटरचे विद्यार्थी मॉडेलही विश्वासाचे. तैवानातल्या ताइचुंगजवळचं होउली हे गाव सॅक्सोफोनच्या कारखान्यांसाठीच ओळखलं जातं, तेव्हा ‘जपानी नाही म्हणजे भंगार’ हा समज सोडा.

दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस हजारांचे, कधी लाल-निळ्या रंगाचे, बिनओळखीचे ऑल्टो. त्यांतले काही ठीक निघतात, पण निघतील याची हमी कोणी देत नाही. त्यांच्यात हमखास आढळणाऱ्या तीन गोष्टी: पॅड घाईत बसवलेली, कळांचा धातू मऊ, आणि दोन सप्तकांतला तोच स्वर एकमेकांशी न जुळणारा. पहिली गोष्ट कारागीर दुरुस्त करतो. दुसरी वारंवार करावी लागते. तिसरी होतच नाही, कारण भोकंच चुकीच्या जागी असतात.

मधला रस्ता म्हणजे चांगल्या घराण्याचा जुना विद्यार्थी ऑल्टो. यामाहाचा वायएएस-२३ बंद झालाय, पण जुन्या बाजारात खूप फिरतो. त्याला वरच्या ‘एफ शार्प’ची वेगळी कळ नाही. त्याने काही बिघडत नाही, पहिली दोन वर्षं ती लागतच नाही. मात्र त्यावर नकली नाव कोरलेली वाद्यंही फिरतात. अनुक्रमांक नीट कोरलेला आहे का, बेलवरच्या, म्हणजे नळीच्या शेवटच्या रुंद तोंडावरच्या, अक्षरांचं वळण मूळ वाद्याच्या फोटोशी जुळतं का, हे बघा.

फार जुना, बँडमधून निवृत्त झालेला सॅक्सोफोन असेल तर अंगठा-टेकूच्या आसपास किंवा अनुक्रमांकाजवळ ‘एच.पी.’ किंवा ‘हाय पिच’ कोरलंय का तपासा. ब्रिटिश लष्करी बँड १९२०च्या दशकापर्यंत चढ्या सुरात, ‘ए’ म्हणजे सेकंदाला सुमारे ४५२ कंपनं, अशा मापाने वाजवत. आज माप ४४० आहे. हा फरक माउथपीस बाहेर ओढून भरून निघत नाही, कारण सगळ्या भोकांची अंतरं त्या मापाची असतात. शोभेला ठेवायचा असेल तर घ्या.

पैशांची विभागणी अशी करा: हातात शंभर रुपये असतील तर वाद्यावर ऐंशीच लावा. उरलेले वीस माउथपीस, रीड, पट्टा आणि कारागिराच्या पहिल्या भेटीला लागतात. आणि वाद्य घेण्याआधी कारागीर शोधा. मुंबईत धोबीतलाव-काळबादेवी भागातल्या वाद्यांच्या दुकानांत चौकशी करा. इतर शहरांत पोलीस बँड, लग्नाचे ब्रास बँड, गोव्यात आणि वसईत चर्चशी जोडलेले वादक यांना विचारा. बँडवाल्याला कोण चांगला दुरुस्त करतो हे नेमकं ठाऊक असतं, कारण लग्नसराईत त्याचं वाद्य बंद पडून चालत नाही.

पायरी ४ : तपासणी

इथे घाई करू नका. अर्धा तास मागून घ्या. विकणारा ‘काय एवढं बघताय’ म्हणाला तरी बघा. सोबत न्यायचं सामान: सिगारेटच्या कागदाची किंवा तितक्याच पातळ कागदाची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी, नळीत सोडता येईल अशी बारीक एलईडी माळ, ट्यूनरचं अॅप, आणि जमलं तर वाजवता येणारा माणूस. त्याला मोबदला द्यायला कचरू नका.

आधी नुसतं बघा. लाखेचा मुलामा उडालाय, पितळ काळवंडलंय, यावर भाव पाडा पण नाक मुरडू नका. आवाजाशी त्याचा फारसा संबंध नाही. खरं बघायचं ते वेगळं.

नेक, म्हणजे वरची वाकडी नळी, आडवी धरून बाजूने न्याहाळा. वरचा-खालचा वळसा गोल, सलग हवा. खालच्या बाजूला नळी चपटी किंवा सुरकुतलेली दिसली तर कोणीतरी माउथपीस चढवताना नेकवरच भार दिलाय आणि ती खाली दबलीय. अशा नेकचा सूर आणि सप्तकाची कळ (स्वर वरच्या सप्तकात नेणारी) दोन्ही बिघडतात.

मग बेल आणि मुख्य नळी यांना जोडणारी कडी बघा. तिच्या मागे नळीला पोचा असेल तर वाद्य बेलवर पडलंय. त्या धक्क्याने खालच्या ‘बी’ आणि ‘बी फ्लॅट’ची पॅड तिरकी होतात. वरून एक डोळा मिटून नळीच्या रांगेत बघितलं की वाकही दिसतो.

कळा बोटांनी आडव्या हलवा. थोडीशी चाळ चालते, खडखडाट नको. सुईसारख्या स्प्रिंगा गंजलेल्या असतील तर त्या एकेक करून तुटणार, समुद्रकिनाऱ्यावरच्या वाद्यात विशेष. पॅडचं चामडं मऊ, तपकिरी हवं. काळं, कडक, कडेला फाटलेलं असेल तर बदलायचं. तीन-चार पॅड बदलणं किरकोळ खर्च. सगळी बदलायची तर तो खर्च स्वस्त वाद्याच्या किमतीच्या तोंडाशी येऊ शकतो.

आता दाबून बघायचं. माउथपीस न लावता एकेक बोट वरून खाली झपकन टाकत जा. पॅड घट्ट असेल तर ‘टुप्’ असा पोकळ, तबल्यावर बोट पडल्यासारखा नाद येतो, आणि खाली जाल तसा तो उतरत जातो. मध्येच नाद मेला की त्या पॅडवर संशय. कागदाची पट्टी त्या पॅडखाली ठेवा, कळ हलकेच मिटा, ओढा. चारही बाजूंना तसंच करा. एका बाजूला पट्टी अडते आणि दुसऱ्या बाजूला सुळकन निघते, म्हणजे गळती. खोली अंधारी करून एलईडी माळ नळीत सोडली तर प्रकाशाची रेघच दिसते. इथे कळ हलक्या बोटाने दाबायची. मुठीने दाबल्यावर कोणतंही पॅड बसतं, आणि विकणारा नेमका तसाच दाबून दाखवतो.

‘जी शार्प’ची कळ, डाव्या करंगळीची, दाबून बघा. हिचं पॅड नेहमी मिटलेलं असतं आणि बारीक स्प्रिंग ते उघडते, म्हणून ठेवणीच्या पेटीत (केसमध्ये) पडून राहिलेल्या वाद्यात ते चिकटतंच. चिकटलं म्हणून वाद्य नाकारू नका. पॅडखाली कोरा कागद ठेवून हलके मिटा आणि ओलावा टिपा. दाबून ओढू नका, चामडं फाटतं.

सप्तकाची कळ ही सर्वांत नाजूक यंत्रणा. डाव्या अंगठ्याने ती दाबून धरा आणि डाव्या हाताची तीन बोटं टाका, हा ‘जी’. आता नेकवरचं छोटं झाकण मिटलेलं हवं. अनामिका उचला, ‘ए’ झाला, की नेकवरचं झाकण उघडायला हवं. दहा वेळा आलटून पालटून करा. ‘जी’वर ते झाकण किंचितही उघडं राहिलं तर वरचा ‘जी’ किंचाळेल. कारागीर ते दोन मिनिटांत सरळ करतो, पण ते झालेलं बघूनच पैसे द्या.

शेवटी फुंकून. आधी फक्त नेक आणि माउथपीस जोडून फुंका. ऑल्टोवर पेटीची काळी चार आणि टेनरवर पांढरी तीन यांच्या जवळपास सूर आला की ओठ आणि माउथपीस ठिकाणावर आहेत. मग पूर्ण जोडून मधला ‘जी’ सुरात आणा आणि तोच सप्तकाची कळ लावून वाजवा. ट्यूनरवर दहा-पंधरा सेंटपर्यंतचा (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक सोडून द्या. मधला ‘डी’ जरा चढाच लागतो, तो या वाद्याचा स्वभाव. पण तिथेही तीस-चाळीस सेंटचा फरक दिसला तर नमस्कार करून उठा.

खालचे स्वर वाजवणाऱ्याकडून हळू आवाजात ऐका. ‘सी’, ‘बी’, ‘बी फ्लॅट’ न गुरगुरता निघाले पाहिजेत. मोठ्याने कोणतंही गळकं वाद्य वाजतं. गुरगुर लपवण्यासाठी काही जण बेलच्या बुडात माउथपीसची टोपी टाकतात. युक्ती खरोखर चालते, म्हणून तपासणीआधी बेलमध्ये हात घालून बघा.

पायरी ५ : माउथपीस आणि रीड

स्वस्त वाद्याबरोबर आलेलं माउथपीस बहुधा बाजूला ठेवायच्या लायकीचं असतं. यामाहा ४सी हे प्लास्टिकचं आणि परवडणारं, नवख्यासाठी याहून शहाणा खर्च नाही. पुढे हवं तर सेल्मर एस८० सी स्टार. या दोन्हींचं टोक ऑल्टोसाठी १.६ ते १.७ मिलिमीटर उघडं असतं. धातूची, मोठ्या उघडीची माउथपीस व्हिडिओत झकास दिसतात, पण ती आवरायला ओठांचे स्नायू लागतात, आणि ते वर्षाने येतात.

रीड २ नंबरची घ्या, फारच जड गेली तर दीड. नंबर कंपनीगणिक बदलतो: व्हँडोरेनची २ ही रिकोच्या २ पेक्षा कडक लागते. एकच रीड रोज झिजवू नका. तीन-चार आलटून पालटून वापरा, तशा त्या काही आठवडे टिकतात. टोक चिरलं की टाका. रीड तोंडात ओली करून मगच बसवा, टोक माउथपीसच्या टोकाशी केसाइतकं जुळवा. जास्त वर गेली तर फुंक जड, खाली गेली तर चिरका आवाज.

पट्ट्याला धातूचा किंवा घट्ट मिटणारा हूक हवा. उघडा प्लास्टिकचा हूक हे अडीच किलो पितळ फरशीवर आपटण्याचं सर्वांत सोपं साधन. मान दुखत असेल तर खांद्यांवर बसणारा हार्नेस घ्या.

आणि शेजारी. या वाद्याला गप्प करणारा म्यूट नसतो, कारण आवाज फक्त बेलमधून नव्हे तर प्रत्येक उघड्या भोकातून येतो. बेलमध्ये टॉवेल कोंबला तर फक्त खालचे स्वर मरतात. कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून वाजवल्याने बराच फरक पडतो. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर वेळ ठरवून घ्या. बोटांचा सराव रात्री हेडफोनवर करायचा असेल तर यामाहाचा वायडीएस-१५० हा डिजिटल सॅक्सोफोन आहे, पण त्यावर ओठ तयार होत नाहीत.

पायरी ६ : घरी आणल्यावर

वाजवून झालं की रीड काढा, नेक आणि नळीतून कापडी बोळा ओढा, पॅडवरचा ओलावा कागदाने टिपा. जेवून लगेच वाजवू नका, चहा पिऊन तर नाहीच. साखर पॅडवर जाते आणि ‘जी शार्प’ची चिकट कळ तिथेच जन्माला येते. नेकवरच्या कॉर्कला ग्रीस लावा, तेल नको. माउथपीस चढवताना नेक हाताच्या मुठीत धरा, कळेवर अंगठा येऊ देऊ नका. मुख्य नळी उचलताना बेलला धरा, कळांच्या दांड्यांना नाही.

पितांबरी, चिंच, लिंबू, ब्रासो यातलं काहीही नको. देवाची भांडी आणि सॅक्सोफोन दोन्ही पितळेची असली तरी इथे लाखेचा थर असतो, तो घासून जातो, आणि भुकटी कळांच्या सांध्यांत जाऊन बसते. कोरडं मऊ कापड पुरे.

पावसाळ्यात, कोकण-गोव्यात विशेषतः, वाद्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा पेटी तासभर पंख्याखाली उघडी ठेवा. दमट पेटीत पॅडखालच्या लोकरीला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. स्प्रिंगांवर सुईच्या टोकाएवढं तेल, वर्षातून दोनदा.

पेटीत ठेवताना नळीच्या वरच्या तोंडात बसणारं प्लास्टिकचं बूच परत लावायला विसरू नका. नव्या वाद्यातलं ते बूच पॅकिंगचा कचरा समजून फेकलं जातं. तिथून वर येणारी सप्तकाची बारीक सळई ते सांभाळतं. सळई पेटीच्या कडेला अडकून जराशी वाकली, की नेकवरचं झाकण ‘जी’वर पुन्हा उघडं राहतं.